जावेनं घातलेला मोडता

माझा मुलगा फौजेतून पेन्शन घेऊन आला, तेव्हा गावानं त्याला फाट्यापासून घरापर्यंत डफडं वाजवत आणलं. गळ्यात इतके हार की नाक दिसेना. ते हार वाळायच्या आत त्यानं माझी बाज सरकवली.

माझी बाज ओसरीत तिरकी असते. तिथून मला रस्ता दिसतो आणि शेजारच्या जावेचं दारही दिसतं. म्हातारपणी माणसाला आणखी काय पाहिजे? त्यानं ती भिंतीला अशी चिकटवून सरळ लावली की मला नुसता गोठा दिसू लागला. मी म्हटलं, मी काय म्हशीची राखण करू? तर म्हणाला, घर कसं रांगेत दिसलं पाहिजे.

मग सगळंच रांगेत आलं. चपला रांगेत, घागरी रांगेत, दोरीवरचे कपडे लांबीप्रमाणे. सकाळी अंगणात उभा राहून तो घराची पाहणी करायचा. नातीनं वेणी घालताना ताठ उभं राहायचं. चहा ठरल्या वेळी आला नाही तर कपाळावर आठी. सुट्टीवर यायचा तेव्हा असं काही नव्हतं. तेव्हा तो पाहुणा होता, आम्ही त्याला आलूची भाजी आणि पुऱ्या करून घालायचो आणि तो गोड बोलून परत जायचा. आता कळलं की आम्हाला इतकी वर्षं फक्त पाहुणा ठाऊक होता.

दुसरीही एक गोष्ट होती. स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडलं की तो अंगावर धावून यायचा. हात उगारला नाही कधी, पण आवाज असा की म्हैस पान्हा चोरायची. मग स्वतःच उठून संत्र्याच्या बगीच्यात जाऊन बसायचा. दुपारचं जेवण तसंच झाकून राहायचं. तिकडे सरहद्दीवर काय पाहिलंस, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "बर्फ." पुढं मी विचारलं नाही. मी चौथी शिकलेली बाई, मला बर्फाबद्दल काय विचारायचं ते सुचेना.

सून मेहकरकडची. तिकडची बोली जालन्याकडे झुकलेली, ती 'मला' म्हणते, आम्ही 'मले'. सोनाळ्याच्या बाजूला आमच्या गावात इतकी वर्षं राहून तिनं आपला 'मला' सोडला नाही, यावरून तिचा स्वभाव समजून घ्यावा. तो नसताना शेत तिनं पाहिलं, माझ्या गुडघ्याचं दुखणं तिनं पाहिलं, पोरगी तिनं वाढवली. आणि आता तिच्याच घरात तिला कोणी विचारायचं की ही घागर इथं का?

गोष्ट अडली ती डब्यांवर. एक दिवस त्यानं तिच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले आणि एकसारखे दिसावेत म्हणून अर्ध्यांतला माल दुसऱ्यांत भरला. त्याच दिवशी तिचा भाऊ आला. तिनं सवयीनं हात घातला आणि भावाला मिठाचा चहा दिला. भाऊ हसला, ती हसली, मीही हसले. तो नाही हसला. भावासमोर तिला म्हणाला, कोणती चीज कुठं ठेवली ते ध्यानात राहत नाही, अशी बाई घर कसं सांभाळते?

 पोरीला शाळेच्या सुट्ट्या होत्याच. सुनेनं पिशवी भरली आणि भावाबरोबर निघाली. दारात मला म्हणाली, "आत्याबाई, मी रुसून चालले नाही. हे त्या मॅडमशी बोलले की मला फोन करा. तोवर मी कोणाच्या पलटणीत नाही."

त्या मॅडमचं असं होतं. जिल्ह्याच्या गावी फौजी लोकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मदतीसाठी एक कचेरी आहे. सून तिथं कँटीनच्या कार्डासाठी गेली होती. तिथं एका खोलीत एक मॅडम बसते आणि फौजेतून आलेल्यांशी, त्यांच्या बायकांशी, आईबापांशी बोलते. ज्याला झोप नाही, ज्याचं घरात जमत नाही, त्याचं ऐकून घेते. सुनेनं घरी येऊन नवऱ्याला तेवढंच म्हटलं होतं की आपण एकदा जाऊ. तेव्हा तो म्हणाला होता, "मी का पागल आहो?"

आता सून गेल्यावर तो आणखी ताठ झाला. सकाळची पाहणी चालूच होती, पण पाहणीला उरलो मी आणि म्हैस.

मग एक दिवस सुनेचा मला फोन आला. मॅडमना मीच सांगितलंय, त्या उद्या घरी येतील, तुम्ही ह्यांना आधी सांगू नका, नाहीतर हे बगीच्यात जाऊन बसतील. मी हो म्हटलं. पोटात गोष्ट ठेवायला मला आवडतं, फक्त तशी गोष्ट फार वेळा मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी संग्रामपूरकडून येणाऱ्या गाडीतून मॅडम उतरली. तिशीच्या आतबाहेरची, सुती साडी, खांद्याला पिशवी. बरोबर एक म्हातारा, पांढऱ्या मिशा वर वळवलेला, पूर्वीचा सुभेदार. फौजी माणसं एकट्या बाईला दारातूनच परत लावतात, म्हणून तो तिच्यासोबत घरोघर जातो. त्यांनी पानठेल्यावर फौजीचं घर विचारलं. पानठेलेवाल्यानं विचारलं, कोण्या कामानं आले? आता ह्या लोकांचा नियम असा, की आपण कोणाकडे कशासाठी आलो ते गावात सांगायचं नाही. सुभेदार म्हणाला, घरगुती काम आहे.

मिशावाला वडीलधारा माणूस, सोबत तरणी बाई, घरगुती काम, आणि ज्या घरात जायचं त्या घरातली सून माहेरी गेलेली. पानठेलेवाल्याला एवढं पुरलं. त्यांच्या पावलांच्या आधी बातमी गल्लीत येऊन पोचली, की फौजीला दुसरी पोरगी दाखवायला आणली.

आमच्याकडे कोणाच्या पोराची चौकशी करायला पाहुणे आले की सगळा गाव त्या पोराचा होतो. उद्या आपल्याही पोरासाठी असेच पाहुणे येणार, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. दारू पिऊन नालीत पडून राहणाऱ्याला सुपारीचं खांडसुद्धा माहीत नाही असं पाहुण्यांना सांगतात. त्या दिवशी मॅडमला दर दहा पावलांवर कोणीतरी थांबवून माझ्या मुलाची तारीफ ऐकवली. पानठेलेवाला तर म्हणाला, पोरगा कसा, त्याचा आवाजसुद्धा आमाले माईत नाही. हे खरं असतं तर बरं झालं असतं. माझ्या मुलाचा आवाज त्याच्या ठेल्यापर्यंत रोज जात होता.

घरी माझा मुलगा सुभेदाराला पाहताच टाचा जुळवून उभा राहिला. मॅडम कोण ते सुभेदारानं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बंद झाला, पण वरच्या हुद्द्याच्या माणसाला घराबाहेर कसं काढणार? मॅडमनं विचारलं, झोप लागते का? लागते. राग येतो का? नाही. घरी सगळं ठीक? ठीक, बायको सुट्ट्यांसाठी माहेरी गेली आहे. मग त्यानं स्वतः उठून त्यांना स्वयंपाकघरातले डबे दाखवले. सुभेदारानं शाबासकी दिली. मॅडमनं डब्यांकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

मग ती माझ्याकडे वळली. आजी, तुम्हाला काय वाटतं? मला सगळं ठाऊक होतं. ती कोण, कशासाठी आली, कोणी पाठवली. खरं सांगायला यापेक्षा चांगली वेळ नव्हती. आणि माझ्या तोंडातून काय निघालं? माझा मुलगा गायीसारखा गरीब आहे, खालच्या मानेनं येतो, खालच्या मानेनं जातो, असं निघालं. परका माणूस घरी येऊन मुलाबद्दल विचारतो आहे म्हटल्यावर जीभ आपली आपणच चालली. पोहेसुद्धा मी तसेच केले होते, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि खोबरं घालून, सोयरिकीला करतात तसे.

मॅडम पोहे खाऊन उठली. हात हलवत परत चालली होती बिचारी. आणि जावेनं तिला दारात अडवलं.

माझ्या जावेचा आणि माझा वाद जुना. तिच्या भाचीला मी माझ्या मुलासाठी नाकारलं होतं. तेव्हापासून तिनं ठरवलं असावं, की या घरात कोणतीही सोयरीक सुखानं होऊ द्यायची नाही. पहिल्या लग्नात तिला वेळेवर कळलं नव्हतं. आता दुसऱ्यात मोडता घालायची संधी चालून आली होती. पाणी तरी पिऊन जा म्हणत तिनं मॅडमला आत घेतलं. सुभेदार बाहेर लिंबाखाली बसला. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत आहे आणि ती काही फार जाड नाही. मी माझी बाज ओढून त्या मधल्या भिंतीपाशी नेली.

जाऊ म्हणाली, "बाई, तुमी शिकल्यासवरल्या दिसता म्हणून सांगून राह्यली. या घरात पडू नका. गावानं काय सांगतलं असन ते सोडून द्या."

मग तिनं सुरुवात केली. डबे, चपला, वेण्या, मिठाचा चहा, सगळं. तिच्या सांगण्यात एक शब्द खोटा नव्हता, याचाच मला जास्त राग आला. आमच्या घरातलं तिला इतकं कसं ठाऊक, हेही मला कळलं. भिंत दोन्हीकडून सारखीच पातळ असते.

शेवटी ती म्हणाली, "झाकण पडलं का हा पाह्य कसा आंगावर येते. मंग बगीच्यात जाऊन बसते. एक दिवस मी काड्या वेचाले गेली त मले दिसला. रडून राह्यला होता, लहान पोरासारखा. असा माणूस पदरात पाडून घेता का तुमी?"

हे मला ठाऊक नव्हतं. मी भिंतीपासून बाजूला झाले, तरी ऐकू येतच होतं.

पलीकडे मॅडमचा आवाज एकदम हळू झाला. हे कधीपासून, किती वेळा, जेवण किती जातं, असं ती विचारत राहिली आणि जाऊ सांगत राहिली. मॅडम निघाली तेव्हा जावेनं तिला फाट्यापर्यंत पोचवलं. परत येताना तिची चाल पाहायला हवी होती. सोयरीक मोडली या आनंदात बाई हवेतच चालत होती.

पण तिची ती खुशी पाहून गावात बातमी मोडल्याची गेली नाही, जमल्याची गेली. माझा मुलगा पानठेल्यावर गेला तर लाडू कधी म्हणून विचारू लागले. एकानं तर सांगितलं, की पहिलीला नांदवायचं नाही तर रीतसर सोड. तो घरी आला तेव्हा कान लाल झाले होते.

मला म्हणाला, माय, तू सांग लोकांना. मी म्हटलं, ती तुझ्याकडे आली होती, माझ्याकडे नाही.

"काय सांगू मी? पागलाची डॉक्टर आली होती म्हणून?"

"मंग नको सांगू. दुसरी करून राह्यलो म्हण. त्याच्यानं कोणाचा मान जात नाही."

तो माझ्याकडे बराच वेळ पाहत होता. आपली आई आपल्या बाजूची आहे की नाही, असं त्याला वाटत असावं. मी तांदळातले खडे निवडत बसले.

बातमी मेहकरला पोचायला वेळ लागला नाही, कारण जावेची तीच भाची तिकडे दिली आहे. सुनेचा फोन आला. तिला हसू आवरत नव्हतं. तिचा बाप मात्र पेटला होता, पोरगी परत पाठवणार नाही म्हणत होता. मी तिला म्हटलं, मग बापाला सांग ना ती बाई कोण होती. ती म्हणाली, मी का सांगू, जावयालाच विचारा म्हटलं मी. आम्ही दोघींनी हे ठरवलं नव्हतं, पण दोघींनी केलं एकच.

मग तिचं हसू थांबलं. "आत्याबाई, ह्यानंही काही झालं नाही तर मी खरंच येणार नाही. शाळा सुरू व्हायच्या आत पोरीचं नाव इथं घालते."

हे ती धमकी म्हणून बोलत नव्हती. धमकी देणाऱ्या बाईचा आवाज वेगळा असतो, मी पुष्कळ दिल्या आहेत.

मी ते त्याला जसंच्या तसं सांगितलं. नात मेहकरच्या शाळेत जाणार. त्यानं हातातली चप्पल रांगेत ठेवता ठेवता तशीच धरली. मग आत गेला, शर्टाला इस्त्री केली, बूट पुसले आणि घराबाहेर पडला. मी दळणाचा डबा डोक्यावर घेतला. घरातलं पीठ संपलेलं नव्हतं, पण चक्की पानठेल्याला लागून आहे.

लाईन गेलेली होती, त्यामुळे चक्की बंद आणि ठेल्यावर माणसं जास्त. तो सगळ्यांसमोर जाऊन सरळ उभा राहिला, हात शिवणीला लावून.

"ती मॅडम सोयरिकीसाठी नव्हती आली. माह्यासाठी आली होती. फौजेतून आल्यावर माणसाले घरात राहता येत नाही, त्याचं काम करते ती. म्या तिच्याशी खोटं बोललो. आता जाऊन खरं सांगणार आहो."

 पानठेलेवाला पानाला चुना लावत होता, त्यानं ते पान पूर्ण केलं, दुमडलं, आणि म्हणाला, "मंग पयलेच सांगाचं न बे. मी फुकट तुही तारीफ केली."

सगळे हसले. माझा मुलगाही हसला, थोडा. मी डबा घेऊन वळले तेव्हा मागच्या बाकावरचा एक माणूस, ज्याचा पोरगा सध्या फौजेत आहे, माझ्या मुलाच्या जवळ सरकला आणि त्या मॅडमची खोली कुठं आहे ते हळूच विचारू लागला.

सासऱ्याला त्यानं स्वतः फोन केला. मामा, असं असं आहे, चूक माझी आहे.  मग सासरा म्हणाला, जेवला का? आमच्याकडच्या पुरुषांचा समेट असाच होतो, पुढं काही बोलावं लागत नाही.

जिल्ह्याला तो मला घेऊन गेला. एकट्याचे पाय उचलत नव्हते, पण बोलताना म्हणाला, तुझ्या गुडघ्याचंही दाखवून येऊ. गाड्या बदलत पोचलो. सून मेहकरहून परभारे तिथं आली होती. खोलीत चार खुर्च्या, टेबलावर पाण्याचा तांब्या. मॅडमनं आधी त्याला एकट्याला आत घेतलं. आत काय झालं ते मला माहीत नाही, तिथली भिंत जाड होती. मग आम्हा दोघींना बोलावलं.

तो खाली पाहत होता. मॅडम म्हणाली, मला सांगितलंत ते यांनाही सांगा.

 "तिकडे माह्याविना एक काम होत नव्हतं," तो म्हणाला. "इथं आलो त तुमचं सगळं माह्याविना चालून राह्यलं होतं. मले कोठी उभं राहावं तेच समजत नव्हतं."

मी म्हटलं, चालणारच, तू नव्हतास म्हणून आम्ही चालवलं, आता तू आलास म्हणून काय बंद पाडायचं? मॅडम म्हणाली, "आजी, जरा त्यांना बोलू द्या." माझ्या सुनेपेक्षाही लहान पोरगी मला गप्प बस म्हणाली आणि मी बसले. हे माझ्या घरात कोणाला अजून खरं वाटत नाही.

बर्फाबद्दलही तो थोडं बोलला. ते त्याचं आहे, मी सांगणार नाही.

सून आमच्याबरोबरच घरी आली, नातीला मामा मागाहून सोडून गेला. पदर खोचून ती आधी स्वयंपाकघरात गेली आणि सगळे डबे खाली काढले. तो दारात उभा होता. मला वाटलं, आता होतं काय. त्यानं एक डबा उचलला, उघडून वास घेतला आणि विचारलं, "हे हयद कोठी ठेवू?"

तिनं हळदीची जागा दाखवली. त्यानं ठेवली. उंच डब्याच्या पुढं बुटका डबा आला होता, तो पाहून त्याचं बोट एकदा हललं, पण त्यानं तो सरकवला नाही.

तो बरा झाला, असं मी म्हणणार नाही. झाकण पडलं की अजून दचकतो, फक्त आता ओरडत नाही, बाहेर जाऊन उभा राहतो आणि सून त्याला थोड्या वेळानं चहाला हाक मारते. चपला अजून रांगेत असतात. त्यावर तिनं समझोता केला आहे. चपला त्याच्या, डबे तिचे. मॅडमकडे तो अधूनमधून जातो, आणि जाताना पानठेल्यावर सांगून जातो.

राहिली माझी जाऊ. खरं कळल्यावर तिचं तोंड पाहायला मी मुद्दाम गेले होते. मोडता घालायला गेलेल्या बाईनं माझी सून परत आणली, यावर ती निदान एक भाकर तरी कमी खाईल, असं मला वाटलं होतं. पण ती पक्की. "मले पयलेच माईत होतं ती कोण ते," म्हणाली. "म्हणून त खरं सांगतलं. तुह्या भरोशावर राह्यली असती त आज सून मेहकरलेच असती." आता ती हे गावभर सांगते. मला गप्प ऐकावं लागतं, कारण पहिलं वाक्य खोटं असलं तरी शेवटचं खरं आहे.

मॅडम पुढं एकदा आमच्याकडे आली, तेव्हा चहाला आधी जावेकडे गेली. तिथून मला माझं नाव ऐकू आलं. म्हणजे आता माझा नंबर लागला आहे. जाऊ माझ्याबद्दल जे सांगत असेल तेही खरंच असणार, तिची ती वाईट खोड आहे. मी माझी बाज भिंतीपासून काढून पुन्हा तिरकी टाकली आहे, रस्ता दिसेल आणि तिचं दारही दिसेल अशी. मुलगा सकाळी अंगणातून फिरताना बाजेकडे पाहतो, थांबतो, आणि तशीच राहू देऊन पुढं जातो.